माशांच्या पोटातील प्लास्टिक आणि मासेमारी

समुद्रातील माशांच्या पोटात प्लास्टिक सापडणे ही आता अपवादात्मक बाब राहिलेली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, तोपर्यंत तपासण्यात आलेल्या ५५५ जातींच्या सागरी माशांपैकी ३८६ जातींनी प्लास्टिक गिळल्याचे आढळले. त्यांपैकी २१० जाती व्यापारी मासेमारीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. हे प्लास्टिक नद्या, सांडपाणी आणि किनाऱ्यावरील कचरा यांतून समुद्रात जाते, हे सर्वपरिचित आहे. त्याचा एक भाग मात्र ज्या जाळ्यांनी, दोरांनी आणि बोयांनी मासे पकडले जातात, त्यांतूनच येतो. हा भाग किती, तो माशांपर्यंत कसा पोहोचतो, त्याचे परिणाम काय आणि तो रोखण्यासाठी काय केले जात आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

सुती जाळ्यापासून नायलॉनपर्यंत

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरातील मच्छिमार कापूस, सण, ताग आणि काथ्या यांपासून बनविलेली जाळी व दोर वापरीत. अशी जाळी वारंवार वाळवावी लागत, त्यांना झाडांच्या सालीचा रंग द्यावा लागे आणि तरीही ती काही काळात कुजत. एखादे जाळे समुद्रात हरवलेच, तर त्याचे आयुष्य मर्यादित असे.

कृत्रिम धाग्यांनी हे चित्र बदलले. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा मासेमारीत प्रवेश झाला. भारतात १९५० च्या दशकात केरळमध्ये सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने नौकांच्या यांत्रिकीकरणास चालना दिली. पुढील काळात देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर सुती जाळ्यांची जागा नायलॉन, पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांनी घेतली. नवे जाळे हलके, बळकट आणि न कुजणारे होते. मच्छिमाराचे श्रम वाचले, पकड वाढली. परंतु न कुजणे हा जो गुण नौकेवर उपयोगाचा होता, तोच समुद्राच्या तळाशी दोष ठरला.

पहिल्या नोंदी

माशांनी प्लास्टिक गिळल्याची सुरुवातीची शास्त्रीय नोंद १९७२ सालची आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील पाण्यात संशोधकांना पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म गोलक मोठ्या प्रमाणावर तरंगताना दिसले. त्यांनी तपासलेल्या १४ जातींच्या माशांपैकी ८ जातींच्या पोटात हे गोलक होते. विशेष म्हणजे पाण्यात पारदर्शक आणि पांढरे असे दोन्ही प्रकारचे गोलक असताना माशांनी केवळ पांढरे गोलक गिळले होते. मासा प्लास्टिक नेहमीच अपघाताने गिळत नाही, कधी कधी तो त्याची निवडही करतो, हे त्यावरून सूचित झाले.

त्यानंतर तीन दशके या विषयाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. २००४ साली ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यांवरील वाळूत व गाळात दडलेल्या अतिसूक्ष्म प्लास्टिकवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांसाठी ‘सूक्ष्म प्लास्टिक’ ही संज्ञा पुढे रूढ झाली आणि माशांच्या पोटांची तपासणी जगभर सुरू झाली.

उत्तर प्रशांत महासागरातील भोवऱ्यात पकडलेल्या प्लवकभक्षी माशांपैकी सुमारे ३५ टक्के माशांच्या पोटात प्लास्टिक असल्याचे २०१० साली नोंदविले गेले. यांतील बहुसंख्य मासे खोल पाण्यात राहणारे व रात्री वर येणारे कंदीलमासे होते. इंग्लिश खाडीत पकडलेल्या १० जातींच्या ५०४ माशांच्या २०१३ सालच्या अभ्यासात हे प्रमाण ३६.५ टक्के होते.

मासा प्लास्टिक का गिळतो?

याची प्रामुख्याने चार कारणे सांगितली जातात.

पहिले कारण दृष्टीचे. रंग, आकार आणि हालचाल यांमुळे प्लास्टिकचा तुकडा लहान कोळंबीसारखा, माशाच्या अंड्यासारखा किंवा प्लवकासारखा भासतो. 

दुसरे कारण गंधाचे. काही काळ पाण्यात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ व सूक्ष्मजीवांचा थर चढतो आणि त्याला अन्नासारखा गंध येऊ लागतो. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अशा प्लास्टिकचा गंध मिसळलेले पाणी सोडताच मांदेलीच्या वर्गातील अँकोव्ही माशांचा थवा अन्न दिसल्याप्रमाणे हालचाल करू लागला. प्लास्टिक प्रत्यक्ष पाण्यात नव्हते, केवळ त्याचा गंध होता.

तिसरे कारण आहाराच्या पद्धतीचे. तारलीसारखे मासे तोंड उघडे ठेवून पाणी गाळतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात जाते. तळावरचा गाळ उपसून खाणाऱ्या जीवांचेही तसेच आहे.

चौथे कारण अन्नसाखळीचे. लहान माशाने गिळलेले प्लास्टिक त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाच्या किंवा सस्तन प्राण्याच्या पोटात जाते. ब्रिटनमध्ये पाळीव स्थितीतील सील प्राण्यांना बांगड्याच्या कुळातील मासे खाऊ घालण्यात येत असत. त्यांच्या विष्ठेच्या सुमारे निम्म्या नमुन्यांत सूक्ष्म प्लास्टिक आढळल्याचे २०१८ साली नोंदविण्यात आले.

मासेमारीतून प्लास्टिक कसे येते?

मासेमारीच्या साधनांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचे दोन मार्ग आहेत. एक दिसणारा, दुसरा न दिसणारा.

दिसणारा मार्ग म्हणजे हरवलेली, तुटलेली किंवा टाकून दिलेली साधने. वादळ, खडकात अडकणे, दुसऱ्या नौकेच्या पंख्याने किंवा ट्रॉल जाळ्याने दोर कापला जाणे, ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. जाळी मुद्दाम फेकण्याचे प्रकारही घडतात, विशेषतः बंदरावर जुनी जाळी स्वीकारण्याची सोय नसेल तेव्हा. सात देशांतील ४५० मच्छिमारांच्या मुलाखतींवर आधारित एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या मासेमारी साधनांपैकी जवळपास २ टक्के साधने दरवर्षी समुद्रात हरवतात. त्यांत २,९६३ चौरस किलोमीटर गिलनेट, ७५,०४९ चौरस किलोमीटर पर्ससीन जाळी, २१८ चौरस किलोमीटर ट्रॉल जाळी आणि अडीच कोटींहून अधिक सापळे यांचा समावेश आहे. गळ लावलेल्या लांब दोरांची हरवणारी लांबी ७,३९,५८३ किलोमीटर आहे. एवढ्या दोराने पृथ्वीला विषुववृत्तावर अठरा वेळा वेढा घालता येईल.

अशी बेवारस जाळी वर्षानुवर्षे मासे, कासवे आणि खेकडे अडकवीत राहतात. त्याचबरोबर ऊन, लाटा आणि खडकांशी होणारे घर्षण यांमुळे त्यांचे तंतू सुटत जातात. कॅलिफोर्निया आणि हवाई बेटे यांच्या दरम्यान तरंगणाऱ्या कचऱ्याच्या पट्ट्याचे सर्वेक्षण २०१८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रातील अंदाजे ७९,००० टन प्लास्टिकपैकी ४६ टक्के वजन एकट्या मासेमारीच्या जाळ्यांचे होते.

न दिसणारा मार्ग झिजेचा आहे. यात काहीही हरवत नाही, कोणी काही फेकतही नाही. दोर कप्पीवरून ओढला जातो, ट्रॉल जाळे तळावर घासत जाते, आणि प्रत्येक वेळी थोडे तंतू पाण्यात मिसळतात. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार नवा दोर ओढताना दर मीटरला सुमारे २० सूक्ष्म तुकडे सुटतात. दोन वर्षे वापरलेल्या दोरातून सुमारे ७२०, तर दहा वर्षे जुन्या दोरातून ७६० हून अधिक तुकडे सुटतात. एका फेरीत शेकडो मीटर दोर ओढला जातो, हे लक्षात घेता जुना दोर वेळेवर बदलणे हादेखील प्रदूषण कमी करण्याचा एक मार्ग ठरतो.

उत्तर समुद्रात काही ट्रॉल जाळ्यांच्या शेवटच्या पिशवीखाली पॉलिएथिलीनच्या धाग्यांचे झुबके बांधले जातात. तळाशी घासून पिशवी फाटू नये, म्हणून हे धागे स्वतः झिजावेत अशीच त्यांची योजना असते. नेदरलँड्स आणि शेजारील देशांच्या किनाऱ्यांवर हे रंगीत धागे मोठ्या प्रमाणावर सापडू लागल्यानंतर त्यांना पर्याय शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले.

तरंगणारे आणि बुडणारे

हरवलेल्या साधनांचे प्लास्टिक कोणत्या माशाच्या पोटात जाईल, हे बऱ्याच अंशी त्या प्लास्टिकच्या घनतेवर अवलंबून असते. समुद्राच्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम असते. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९० आणि पॉलिएथिलीनची ०.९१ ते ०.९७ असल्याने हे दोन्ही पदार्थ तरंगतात. त्यांचा संबंध प्रथम पृष्ठभागाजवळ चरणाऱ्या माशांशी येतो. नायलॉनची घनता सुमारे १.१४ आणि पॉलिएस्टरची सुमारे १.३८ असते. हे पदार्थ बुडतात आणि तळावरील जीवांच्या वाट्याला येतात. तरंगणारे तुकडेही शेवाळ आणि शिंपल्यांचा भार चढला की कालांतराने खाली जातात. तळाशी सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि पाणी थंड असते. त्यामुळे तेथे प्लास्टिकचे विघटन अतिशय मंद गतीने होते.

क्लाइडच्या आखाताचे उदाहरण

मासेमारीचे साधन आणि मासळीचे पोट यांचा थेट संबंध स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लाइडच्या आखाताचे आहे. ग्लासगो शहराजवळच्या या समुद्रात शेवंडाच्या कुळातील एक सडपातळ, नारिंगी जीव मिळतो. युरोपातील उपाहारगृहांत त्याला मोठी मागणी असून स्कॉटलंडच्या मासेमारीचा तो एक प्रमुख आधार आहे. तो मऊ गाळात बिळे करून राहतो आणि ट्रॉल जाळ्यांनी तसेच सापळ्यांनी पकडला जातो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथून गोळा केलेल्या जीवांपैकी ८३ टक्के जीवांच्या जठरात प्लास्टिक आढळले. बहुतेक प्लास्टिक तंतूंच्या स्वरूपात होते आणि अनेकांच्या जठरात या तंतूंचे घट्ट गुंतलेले गोळे झाले होते. प्रयोगशाळेत त्यांना पॉलिप्रॉपिलीन दोराचे धागे घातलेले मासे खाऊ घातले असता, धागे पोटात गेले. पण बाहेर पडले नाहीत.

त्याचे कारण या जीवाच्या शरीररचनेत आहे. त्याच्या जठरात अन्न दळण्यासाठी दातांसारखे कठीण भाग असतात. त्यापुढील वाट अरुंद असते. वाळूचे कण त्यातून जाऊ शकतात, पण लांब, लवचिक तंतू एकमेकांत गुंततात आणि अडकून पडतात. कात टाकताना जठराचे अस्तरही टाकले जाते, त्या वेळीच हा गोळा बाहेर पडण्याची संधी असते.

२०१६ साली त्याच विषयावरील पुढील संशोधन प्रसिद्ध झाले. क्लाइडमधील ८४.१ टक्के जीवांत प्लास्टिक होते. मोकळ्या उत्तर समुद्रात हे प्रमाण २८.७ टक्के होते. किनाऱ्यालगतच्या, वस्ती आणि मासेमारी या दोहोंनी वेढलेल्या आखातात प्रमाण जास्त असणे अपेक्षितच होते. आठ महिने चाललेल्या प्रयोगात, प्लास्टिकचे धागे पोटात असलेल्या जीवांनी कमी अन्न खाल्ले, त्यांचे वजन घटले आणि शरीरातील साठविलेली चरबी खर्च झाली. ज्या जीवावर मच्छिमारांचा चरितार्थ चालतो, तो जीव त्यांच्याच साधनांच्या झिजेमुळे रोडावू शकतो, हा या संशोधनाचा अर्थ आहे.

भारतीय किनाऱ्यावरील निष्कर्ष

भारतात या विषयावरील संशोधनाला गेल्या दशकात वेग आला. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली केरळच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. नऊ जातींच्या २७० माशांपैकी ४१.१ टक्के माशांच्या कल्ले व आतडी या न खाल्ल्या जाणाऱ्या भागांत सूक्ष्म प्लास्टिक सापडले. मांस व त्वचा या खाण्यायोग्य भागांत ते केवळ ७ टक्के माशांत होते. त्याच संस्थेने कोचीजवळील ३३० पांढऱ्या कोळंब्या तपासल्या. त्यांत एकूण १२८ कण मिळाले, म्हणजे दर कोळंबीमागे सरासरी ०.३९ कण. यांतील ८३ टक्के कण तंतूंच्या स्वरूपात होते आणि पावसाळ्यात त्यांचे प्रमाण वाढलेले दिसले.

गोव्यातील साळ नदीच्या मुखप्रदेशात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाणी, गाळ, शिंपले आणि मासे यांची तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातही तंतूंचेच प्राबल्य होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, विशेषतः मुंबई, ठाणे आणि पालघर परिसरात, बोंबील, कोळंबी आणि जवळा पकडण्यासाठी डोल जाळे वापरले जाते. हे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात स्थिर उभे केले जाते. प्रवाहाबरोबर येणारी मासळी त्यात शिरते, तसाच खाड्यांतून वाहत येणारा शहरातील कचराही शिरतो. पिशव्या, वेष्टने आणि दोऱ्यांचे तुकडे निवडून मग मासळी वेगळी करावी लागते. यात वेळ, इंधन आणि मजुरी वाया जाते, जाळे फाटते. म्हणजे मच्छिमार हा या प्रदूषणाचा एक स्रोत आहे आणि त्याची झळ सर्वप्रथम सोसणाराही आहे.

प्रत्येक तंतू जाळ्याचा नसतो

माशाच्या पोटातील तंतू दिसताच त्याचा दोष मासेमारीवर टाकणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही. कपडे धुताना पॉलिएस्टर आणि अन्य धाग्यांचे असंख्य तंतू सांडपाण्यात जातात. जगातील विविध समुद्रांच्या पृष्ठभागावरील तंतूंचे विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांत केवळ ८.२ टक्के तंतू कृत्रिम होते, उरलेले बहुतांश कापसासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांचे होते. नुसत्या डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाने हा फरक कळत नाही. त्यासाठी अवरक्त किंवा रामन वर्णपटाद्वारे पदार्थाची ओळख पटवावी लागते. ओळख पटल्यानंतरही नायलॉनचा तंतू जाळ्याचा की कपड्याचा, हे ठरविण्यास त्याची जाडी, रंग आणि आसपासचे स्रोत पाहावे लागतात.

प्रयोगशाळेतील हवा आणि संशोधकांचे कपडे यांतूनही तंतू नमुन्यात येऊ शकतात. उत्तर समुद्रातील १,२०३ माशांच्या २०१३ सालच्या अभ्यासात केवळ २.६ टक्के माशांत प्लास्टिक आढळले. अत्यंत काटेकोर दक्षता घेऊन २०१७ साली तपासलेल्या ४०० माशांपैकी तर एकाच माशात दोन कण मिळाले. एका समुद्रातील आकडा दुसऱ्यास लावणे म्हणूनच धोक्याचे असते.

आणखी एक अडचण खुद्द मासेमारीतून निर्माण होते. जाळ्यात अडकलेला मासा त्याच जाळ्यात गोळा झालेले प्लास्टिक शेवटच्या क्षणी गिळू शकतो. असे प्लास्टिक त्याच्या नेहमीच्या आहाराचा भाग नसते. काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत ही शक्यता विचारात घेतली जाते.

जगभरच्या सागरी कचऱ्यात मासेमारीचा वाटा १० टक्के किंवा वर्षाला ६,४०,००० टन असल्याचा आकडा वारंवार उद्धृत केला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २००९ सालच्या अहवालाच्या आधारे तो प्रचारात आला. त्यामागील मोजमाप अपुरे असल्याचे पुढे अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे.

माशांवर आणि माणसांवर परिणाम

प्लास्टिकने पोट भरल्याचा आभास होऊन मासा कमी खातो, आतड्यांना इजा होते आणि प्लास्टिकमधील किंवा त्यावर चिकटलेली रसायने शरीरात जाऊ शकतात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. २०१३ सालच्या एका प्रयोगात, सॅन दिएगोच्या उपसागरात ठेवून नंतर खाऊ घातलेल्या पॉलिएथिलीनमुळे मेडाका जातीच्या माशांच्या यकृतावर ताण आल्याचे आढळले. मात्र प्रयोगांत वापरलेले प्रमाण समुद्रातील प्रमाणापेक्षा बरेचदा जास्त असते. प्रत्येक दाव्याची छाननीही आवश्यक असते. माशांची पिल्ले अन्नाऐवजी प्लास्टिक पसंत करतात, असे सांगणारा व जगभर गाजलेला २०१६ सालचा एक शोधनिबंध दुसऱ्याच वर्षी मागे घेण्यात आला.

माणसाच्या आरोग्याबाबत उपलब्ध निष्कर्ष सावध आहेत. सापडणारे बहुतेक प्लास्टिक माशाच्या जठरात व आतड्यांत असते आणि मोठे मासे साफ करताना हे भाग काढून टाकले जातात. जवळ्यासारखी सबंध खाल्ली जाणारी बारीक मासळी, तसेच तिसऱ्या आणि कालवे यांना ही बाब लागू होत नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली केलेल्या हिशेबानुसार, शिंपल्यांच्या २२५ ग्रॅमच्या एका जेवणातून अधिकाधिक ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक पोटात जाऊ शकते आणि त्यातून येणाऱ्या ज्ञात रसायनांची भर अत्यल्प असते. १५० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाण्याची शक्यता कमी असल्याचेही प्राधिकरणाने म्हटले होते. त्याहून बारीक कणांविषयी संशोधन सुरू आहे. मासे खाणे सोडावे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मासळीची पोटे नीट साफ करून ती स्वच्छ धुणे, हा साधा उपाय घराघरांत पूर्वीपासून पाळला जातोच.

कायदे आणि त्यांच्या मर्यादा

जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून अंमलात आले. कृत्रिम दोर आणि मासेमारीची जाळी यांसह कोणतेही प्लास्टिक समुद्रात टाकण्यास त्यानुसार मनाई आहे. वाजवी दक्षता घेऊनही अपघाताने हरवलेल्या जाळ्याला मात्र सूट आहे. कचऱ्याची नोंदवही ठेवण्याची सक्ती मोठ्या जहाजांना असल्याने लहान मासेमारी नौका व्यवहारात या व्यवस्थेबाहेर राहतात.

अन्न व कृषी संघटनेच्या मात्स्यिकी समितीने २०१८ साली मासेमारीच्या साधनांवर खूण करण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संमत केली. जाळ्यावर मालकाची खूण असल्यास ते सापडल्यावर परत करता येते आणि मुद्दाम फेकण्यास आळा बसतो. ही तत्त्वे ऐच्छिक आहेत. युरोपीय संघाने २०१९ साली प्लास्टिकयुक्त मासेमारी साधनांच्या उत्पादकांवर, वापर संपल्यानंतर त्या साधनांच्या विल्हेवाटीचा खर्च उचलण्याची जबाबदारी टाकली.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. या बंदीचा रोख पिशव्या, थर्माकोलची ताटे, कप यांसारख्या वस्तूंवर आहे. मासेमारीची जाळी तिच्या कक्षेत येत नाहीत. उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे २०२२ सालचे नियमही वेष्टनांपुरते आहेत. सागरी प्लास्टिक कमी करण्यासाठी अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी २०१९ साली सुरू केलेल्या ग्लोलिटर प्रकल्पात भारत हा दहा अग्रणी देशांपैकी एक होता. प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक जागतिक करार करण्याचा ठराव मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे झाला. परंतु २०२४ मधील बुसान आणि ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील वाटाघाटी करारावाचून संपल्या.

बंदरावरचे उपाय

आजवरच्या अनुभवावरून असे दिसते, की दंडापेक्षा बंदरावरील सोय अधिक उपयोगी पडते. केरळ सरकारने २०१७ साली कोल्लम जिल्ह्यातील नीण्डकरा व शक्तिकुळंगरा परिसरात ‘शुचित्व सागरम्’ हा उपक्रम सुरू केला. जाळ्यात आलेले प्लास्टिक पुन्हा समुद्रात न टाकता मच्छिमारांनी ते पिशव्यांत भरून बंदरावर आणावयाचे, तेथे मच्छिमार समाजातील महिलांनी ते निवडून धुवावयाचे आणि यंत्रात बारीक करून डांबरी रस्त्यांसाठी वापरावयाचे, अशी ही योजना होती. कचरा किनाऱ्यावर आणण्याचे अतिरिक्त श्रम मच्छिमाराचे असले, तरी पुढील व्यवस्था आणि खर्च सार्वजनिक यंत्रणेने उचलला, हे तिचे वैशिष्ट्य होय. दक्षिण कोरियात २००३ सालापासून समुद्रातून आणलेली टाकाऊ साधने मोबदला देऊन विकत घेतली जातात.

विघटनशील धाग्यांच्या जाळ्यांचे प्रयोग दक्षिण कोरिया आणि नॉर्वे येथे झाले आहेत. हरवल्यावर अशी जाळी कालांतराने निकामी होतात. नॉर्वेतील चाचण्यांत मात्र त्यांत नायलॉनच्या जाळ्यांपेक्षा कमी मासे मिळाले. पकड घटत असेल आणि किंमत अधिक असेल, तर अनुदानाशिवाय सामान्य मच्छिमाराला ती परवडणार नाहीत.

महाराष्ट्राच्या वन विभागाने डिसेंबर २०१८ पासून राबविलेली एक योजना या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. जाळ्यात अडकलेले कासव, देवमासा यांसारखे संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छिमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई दिली जाते. जाळे हे मच्छिमाराचे भांडवल आहे आणि सार्वजनिक हितासाठी त्याने नुकसान सोसल्यास ते भरून द्यावे, हे तत्त्व या योजनेने मान्य केले. जुन्या जाळ्यांच्या व झिजलेल्या दोरांच्या बाबतीतही त्याच तत्त्वाचा अवलंब करता येऊ शकतो.

शहरांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा माग काढणे अवघड असते. कोणती पिशवी कोणत्या घरातून आली, हे सांगता येत नाही. मासेमारीच्या साधनांचे तसे नाही. प्रत्येक जाळे कोणी तरी विकते, कोणी तरी विकत घेते आणि ते ठरावीक बंदरावरून समुद्रात जाते. जाळे विकताना त्याची नोंद करणे, त्यावर मालकाची खूण असणे, हरवल्याची माहिती शिक्षेच्या भीतीशिवाय देता येणे आणि जुने जाळे परत केल्यास मोबदला मिळणे, ही व्यवस्था तुलनेने कमी खर्चात उभी राहू शकते. माशांच्या पोटात जाणाऱ्या प्लास्टिकचा हा भाग संपूर्ण प्रश्नाच्या मानाने लहान असेल. पण त्याचा उगम माहीत आहे आणि तो बंद झाल्यास पहिला लाभ मच्छिमारालाच होणार आहे.